धातूचा रस आणि धातूचा रवा

श्रोतेहो, गूळ आणि खडीसाखर ही दोन्ही उसाच्या रसाचीच लेकरे. पण दोघांचे रूप किती निराळे! खडीसाखर करणारा दाट पाक दोरे सोडलेल्या भांड्यात ओततो आणि मग काही दिवस त्या भांड्याला कुणाला हात लावू देत नाही. पाक स्वस्थ राहतो, सावकाश निवतो आणि दोऱ्याभोवती टपोरे, पैलूदार खडे जमतात. गुऱ्हाळात याच्या उलट चालते. काहिलीतला पाक पसरट वाफ्यात ओतला की गुळव्या स्वस्थ बसत नाही. तो पाक सारखा हलवीत, घोटीत राहतो. म्हणून गुळाला बारीक आणि एकसारखा रवा येतो. मूळ गोडी एकच, पण एकाला स्वस्थता मिळाली, दुसऱ्याला हालचाल मिळाली, आणि रवा पालटला.

आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते याच गोष्टीविषयी, पण साखरेच्या नव्हे, धातूच्या बाबतीत. वितळलेला धातू साच्यात गोठत असताना त्याचा रस आतल्या आत कसा फिरतो, आणि त्या फिरण्यामुळे धातूचा रवा कसा घडतो वा बिघडतो, हा आजचा विषय.

आपण म्हणाल, धातूला कुठला आला रवा? लोखंड, पितळ हे तर सलग, गुळगुळीत पदार्थ. पण घरातली जस्त चढवलेली जुनी बादली उन्हात धरून पाहा. तिच्यावर पाना-फुलांसारखी चमकती नक्षी दिसेल. ती नक्षी कुणी काढलेली नाही. तो जस्ताचा रवा आहे. ओतीव वस्तू मोडली तर मोडलेल्या तोंडावर बारीक बारीक कण चमकतात, तेही रवेच. प्रत्येक रव्यात धातूचे अणू पलटणीतल्या शिपायांसारखे रांगेत उभे असतात. शेजारच्या रव्यातही रांगा असतातच, पण त्यांचे तोंड दुसरीकडे. अशा असंख्य रव्यांनी मिळून वस्तू बनते. रवा केवढा, कोणत्या आकाराचा, आणि दोन रव्यांच्या सीमेवर काय साचले आहे, यावर त्या वस्तूचा टिकाऊपणा पुष्कळसा ठरतो.

ही केवळ पंडितांची बाब नव्हे. ऐन चैत्रात विहिरीवरचा पंप बंद पडतो. उघडून पाहावे तो आतला ओतीव पंखा तडकलेला. शेजाऱ्याने त्याच दुकानातून, त्याच दिवशी घेतलेला पंखा मात्र दहा वर्षे चालतो. धातू एक, भट्टी एक, साचाही एकच. मग आपण म्हणतो, ओताऱ्याच्या हाताला यश नाही, किंवा आपले नशीब. अशा तडकण्याला कारणे अनेक असतात, पण त्यांतले एक महत्त्वाचे कारण रस गोठत असतानाच्या त्या थोड्या वेळात, साच्याच्या आत, कुणाच्या डोळ्यांना न दिसता घडून गेलेले असते. ते समजून घेतले तर ओताऱ्यालाही न्याय मिळेल आणि आपलेही नुकसान टळेल.

आता रवा जन्मतो कसा ते पाहू. तापलेला रस साच्यात पडला की साच्याच्या भिंतीला लागलेला भाग प्रथम निवतो. तिथे बारीक रव्यांचा एक पापुद्रा धरतो. या पापुद्र्यातल्या काही रव्यांना आत वाढायला मोकळी वाट मिळते, आणि ते भिंतीपासून मध्याकडे वाढू लागतात. पण ते सरळ काठीसारखे वाढत नाहीत. मधला खोड पुढे जातो, त्याला आडव्या फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या फुटतात. पुष्कळदा हे झाड इतके लहान असते की सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसत नाही. पण कधी कधी ते प्रचंड होते. रशियातील पोलादशास्त्रज्ञ दिमित्री चेर्नोव्ह यांनी १८७८ च्या सुमारास पोलादाच्या ठोकळ्यांतील या झाडांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या संग्रहातील, शंभर टनी ठोकळ्यातून मिळालेला एक स्फटिक सुमारे ३९ सेंटिमीटर लांब होता. त्याला खोड आहे, फांद्या आहेत, एखाद्या सुरूच्या झाडाचे रूप आहे. ग्रीक भाषेत झाडाला जो शब्द आहे त्यावरून अशा स्फटिकाला शास्त्रात डेंड्राइट म्हणतात. आपण त्याला धातूचे झाड म्हणू.

साच्यात अशी झाडांची दाट राई वाढत असते आणि फांद्यांच्या मधून अजून न गोठलेला रस भरलेला असतो. हा रस स्वस्थ नसतो, आणि त्याला कारणे चार. पहिले म्हणजे ओतताना मिळालेला वेग. दुसरे उष्णता. चुलीवरच्या आमटीत गरम भाग वर येतो, निवलेला खाली जातो, तसेच इथे होते. साच्याच्या भिंतीजवळचा रस निवतो, जड होतो, खाली सरकतो, आणि मधला गरम रस वर चढतो. शाळेत आपण याला अभिसरण म्हणतो. तिसरे कारण म्हणजे आकसणे. गोठताना बहुतेक धातू आकसतात. ॲल्युमिनियमचे आकारमान शंभरात सुमारे साडेसहा भागांनी घटते. ही पोकळी भरण्यासाठी उरलेला रस फांद्यांमधून ओढला जातो. तो पोचला नाही तर आत भोके राहतात.

चौथे कारण जरा खोलात जाऊन पाहिले पाहिजे, कारण पुढची सगळी कथा त्यावर आहे. मुले जत्रेत गारीगार चोखतात ते आठवा. आधी रंग आणि गोडी ओठात येते, आणि शेवटी काडीवर पांढरा, बेचव बर्फ उरतो. असे का व्हावे? सरबत गोठते तेव्हा बर्फाचा स्फटिक फक्त पाण्याला आपल्या रांगेत घेतो, साखरेला आणि रंगाला बाहेर ढकलतो. तो गोड पाक बर्फाच्या कणांमध्ये अडकून राहतो आणि आपण तोच आधी ओढून घेतो. पोलादातही नेमके हेच घडते. वाढणारे झाड लोखंडाला जवळ करते आणि कार्बन, गंधक, स्फुरद यांचा बराचसा भाग बाहेर टाकते. त्यामुळे फांद्यांमधला रस मूळ रसापेक्षा वेगळा होत जातो, हलका किंवा जड होतो. हलका झाला तर वर निघतो, जड झाला तर खाली बसतो.

आपल्याला वाटेल, एवढ्याशा हालचालीने काय होणार? तर एक साधा हिशेब करू. रस अगदी निश्चल असता तर त्यातला कार्बन वा कथील आपल्या अंगच्या चळवळीने, नुसते मिसळत मिसळत, एका तासात जेमतेम काही मिलिमीटर सरकला असता. पण रस सेकंदाला एकच मिलिमीटर या मुंगीच्या चालीहूनही मंद वेगाने वाहिला, तर तासाभरात तो साडेतीन मीटरांहून अधिक वाट चालून जातो. म्हणजे वाहत्या रसाने केलेली ने-आण हजारपट मोठी. धातूच्या ठोकळ्यात कोणता घटक कुठे जाऊन बसेल हे ठरवणारा खरा वाहक तो प्रवाह आहे.

हा प्रवाह धातूच्या झाडांचे काय करतो? तीन गोष्टी करतो.

पहिली गोष्ट मोठी गमतीची आहे. ओढ्याच्या पाण्यातले गवत प्रवाहाच्या दिशेने वाकते. धातूचे झाड मात्र प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला, वरच्या अंगाला झुकून वाढते. कारण सोपे आहे. वाढणाऱ्या टोकाभोवती त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या उष्णतेचा आणि घटकांचा एक थर साचतो आणि तो पुढच्या वाढीला अडवतो. ज्या अंगावर ताजा रस येऊन आदळतो तिथला हा थर धुऊन जातो आणि ते अंग भराभर वाढते. मागच्या अंगाला सगळा उकिरडा साचतो, तिथली वाढ मंदावते. म्हणून गोठलेले पोलाद कापून, घासून, आम्लाने धुऊन पाहिले की झाडांच्या कलण्यावरून जाणता माणूस सांगू शकतो की हा रस गोठताना कोणत्या बाजूकडून वाहत होता. प्रवाह केव्हाच थांबलेला असतो, पण त्याची दिशा धातूत कोरलेली राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रवाह फांद्या तोडून नेतो. फांदी खोडाला जिथे जुळलेली असते तिथे तिची मान बारीक असते. गरम किंवा घटकांनी भरलेला रस तिथे लागला की मान वितळते, आणि सुटलेली फांदी प्रवाहाबरोबर मध्याकडे जाते. १९६६ मध्ये जॅक्सन, हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धातूसारखे गोठणारे पण पारदर्शक असे पदार्थ वापरून हे डोळ्यांनी पाहिले आणि मांडले. सुटलेली प्रत्येक फांदी नव्या झाडाचे बी होते. मध्यभागी अशी हजारो बिया पडल्या की तिथे लांबच लांब रव्यांऐवजी बारीक, सर्व बाजूंनी सारखे रवे तयार होतात. भिंतीकडून आत येणाऱ्या लांब झाडांची वाट ते अडवतात. पुष्कळशा ओतीव कामात हेच हवे असते, कारण लांब रव्यांच्या दोन राया मध्यावर समोरासमोर भेटल्या की तिथे एक कच्ची रेषा राहते आणि वस्तू तिथेच फाटते.

अनुभवी ओतारी सांगतो, ‘रस गरजेपेक्षा जास्त तापवू नका.’ त्याचे एक कारण आता आपल्या ध्यानात येईल. रस अति तापलेला असला तर सुटलेल्या फांद्या मध्याकडे पोचण्याआधीच विरघळून जातात, बी मरते, आणि मग लांब, भरड रवा होतो. ओताऱ्याला हे कुठल्या ग्रंथात सापडले नव्हते. त्याने ते पिढ्यान्‌पिढ्या मोडलेली कामे पाहून ओळखले. अर्थात, फार थंड रसही चालत नाही. साचा भरण्याआधीच तो आखडतो.

तिसरी गोष्ट घटकांची वाटणी. हलका, घटकांनी भरलेला रस राईतून वर चढू लागला की तो वाटेतल्या फांद्या विरघळवीत जातो. वाट रुंद झाली की आणखी रस तिथूनच येतो, आणि शेवटी शेतातल्या पाण्याने पाट फोडावा तसा एक पाट तयार होतो. गोठल्यावर त्या पाटाच्या जागी वेगळ्याच बनावटीची एक रेघ राहते. मोठ्या पोलादी ठोकळ्यांत अशा रेघा असतात. वस्तू पुढे तापवून, ठोकून, लाटून कितीही नीट केली, तरी सेंटिमीटरभर अंतरावर जाऊन पडलेला घटक पुन्हा जागी येत नाही. तेवढ्या तापवण्याला वर्षेच्या वर्षे लागतील.

गावोगावच्या शिक्षक बंधुभगिनींना माझी इथे एक विनंती आहे. ही सगळी गंमत भट्टीशिवाय, वर्गात दाखवता येते. कल्हईवाला भांड्याला चोळतो तो नवसागर आपण जाणताच. त्याचे स्फटिक पाण्यातून बाहेर पडताना अगदी धातूच्या झाडासारखे वाढतात. म्हणूनच मोठमोठ्या प्रयोगशाळांतही धातूच्या ऐवजी नवसागर वापरतात. प्रयोगशाळेतला स्वच्छ नवसागर ४५ ग्रॅम घ्या, १०० ग्रॅम पाण्यात घाला, आणि पाणी सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तो पुरता विरघळवा. कोरडा नवसागर मात्र तापवू नका, त्याचा धूर वाईट. पाणी ४० अंशांच्या आसपास निवले की स्फटिक दिसू लागतील. बीकरमागे काळा कागद आणि बाजूला दिवा ठेवा. वरच्या पृष्ठावर धरलेले पिसांसारखे स्फटिक हिमासारखे खाली पडताना मुलांना दिसतील.

मग तेच द्रावण पुन्हा तापवून स्वच्छ करा, कोमट असताना उभट काचपात्रात भरा, आणि पात्राचा तळ बर्फाच्या पाण्यात ठेवा. तळापासून नवसागराची राई वर वाढू लागेल. थोड्या वेळाने राईत लहान लहान छिद्रे पडतील आणि धुराड्यातून धूर निघावा तशा पातळ रसाच्या धारा त्यांतून वर जाताना दिसतील. वर्गातल्या एखाद्या चलाख मुलाला विचारा : थंड पाणी खाली आणि गरम वर, मग हालचाल का? उत्तर असे की स्फटिकांनी नवसागर उचलून घेतला, मागे राहिलेल्या पाण्यात मीठ कमी, म्हणून ते थंड असूनही हलके, आणि म्हणून ते वर जाते. तिसऱ्या वेळी द्रावण निवताना काचेच्या कांडीने हळूहळू हलवीत राहा. मोठ्या पिसांऐवजी बारीक कणांचा चिखल मिळेल. हाच गुऱ्हाळाचा न्याय!

नवसागराच्या धुराड्यांचा हा प्रयोग १९७० मध्ये अमेरिकेत कॉप्ली, जिअमाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी फार गंभीर कारणासाठी केला होता. विमानाच्या जेट इंजिनातली पाती निकेलच्या मिश्रधातूची असतात. ती तळाकडून वर अशी हळूहळू गोठवतात, म्हणजे रवे उभे, लांब लागतात. इथे बारीक रवा नको असतो, कारण भयंकर उष्णतेत पाते रव्यांच्या सीमेवरच ढिले पडते. पण काही पात्यांवर चेहऱ्यावरच्या वांगासारखी ठिपक्यांची ओळ उमटे आणि पाते टाकून द्यावे लागे. त्या ठिपक्यांच्या जागी गोठताना रसाची धुराडी होती, हे या प्रयोगांनी उलगडले. आज तर एका पात्यात एकच रवा असावा अशी योजना करतात. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने अशी एकस्फटिकी पाती घडवून २०२१ मध्ये ६० पाती हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिली. तिथे एक ठिपका म्हणजे हवेतल्या माणसांच्या जिवाशी गाठ.

जिथे ढवळणे हवे तिथे तापलेल्या पोलादात पळी कोण घालणार? याचे उत्तर आपल्या विहिरीवरच आहे. पंपाच्या विजेच्या मोटारीत बाहेरच्या वेटोळ्यांमुळे फिरते चुंबकक्षेत्र निर्माण होते आणि ते आतल्या रोटरला कुठेही न शिवता फिरवते. आज जगातले शंभरातले पंचाण्णवांहून अधिक पोलाद न थांबता, सलग लांब पट्टीसारखे ओतले जाते. त्या ओतणीभोवती अशीच वेटोळी बसवतात. रोटरच्या जागी असतो वितळलेला रस! पोलाद तेवढे तापले की चुंबकाला चिकटत नाही, पण वीज त्यातून वाहते, म्हणून ते फिरू लागते. फांद्या सुटतात, बी पडते, मधला रवा बारीक होतो, आणि मध्यरेषेत कार्बन साचण्याचे प्रमाण घटते. रेल्वेच्या रुळाच्या पोटात अशी कार्बनची ठिसूळ रेघ राहिली तर काय होऊ शकते ते सांगायला नको. पण इथेही अति तेथे माती. फार जोराने ढवळले तर गोठणाऱ्या भागापुढचा घटक धुऊन जातो आणि पोलादात एक फिकट पट्टा राहतो. तोही दोषच.

१९७० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात डेव्हिड स्पेन्सर या विद्यार्थ्याने कथील-शिशाचा रस गोठत असताना सतत ढवळला. १९७२ मध्ये त्याने आणि त्याच्या गुरुजनांनी तो शोध प्रसिद्ध केला. शंभरात चाळीस भाग घट्ट झाला तरी हा धातू दाट तेलासारखा वाहत होता. न ढवळलेला धातू त्याच्या पुष्कळ आधीच ताठरून जातो, कारण झाडांच्या फांद्या एकमेकींत अडकतात. ढवळल्याने फांद्या झिजून रवे गोल झाले, आणि गोल रवे एकमेकांवरून घसरत राहिले. लोण्यासारखा हा अर्धवट गोठलेला धातू साच्यात शांतपणे भरता येतो, हवेचे बुडबुडे कमी राहतात. मोटारींचे ॲल्युमिनियमचे भाग करण्यासाठी पुढे ही रीत वापरात आली.

शेवटी एक प्रश्न उरतोच. रस मुळीच वाहिला नाही तर स्फटिक कसा वाढेल? पृथ्वीवर हे पाहणे कठीण, कारण हलके वर आणि जड खाली हा गुरुत्वाचा नियम आपली पाठ सोडत नाही. म्हणून मार्टिन ग्लिक्समन या शास्त्रज्ञाने आपले उपकरण कोलंबिया या अवकाशयानातून १९९४, १९९६ आणि १९९७ साली पाठवले. १९९७ च्या त्या उड्डाणात कल्पना चावला यांचा समावेश होता. उपकरणात धातूसारखा गोठणारा एक पारदर्शक पदार्थ होता. असे दिसले की द्रव गोठणबिंदूच्या अगदी थोडाच खाली निवलेला असताना पृथ्वीवरचे झाड अवकाशातल्या झाडापेक्षा वेगाने वाढते. इथे फिरता द्रव त्याची उष्णता वाहून नेतो, तिथे ती त्याच्याभोवतीच घुटमळते. वर्षानुवर्षे पुस्तकातली गणिते निश्चल द्रव गृहीत धरून केलेली होती. ती तपासून पाहायला माणसाला पृथ्वी सोडावी लागली.

श्रोतेहो, कोल्हापूर-शिरोलीच्या बाजूला आज शेकडो ओतशाळा आहेत, आणि खेड्यातली पुष्कळ मुले तिथे काम शिकायला जातात. ही मुले हाताने शहाणी होतीलच. त्याबरोबर साच्याच्या आत काय चालले आहे याचे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असले, तर रस किती तापवावा, कुठून ओतावा, कुठे लवकर निववावा हे ती नुसते सांगितले म्हणून करणार नाहीत, समजून करतील. तडकलेला पंखा हाती आला तर नशिबाला बोल न लावता तो कापून, घासून पाहतील. हे चित्र त्यांना दाखवायला मोठी यंत्रे नकोत. एक बीकर, थोडा नवसागर आणि बर्फाचे पाणी एवढ्याने काम भागेल. शिक्षकांनी येत्या थंडीत एखादा तास यासाठी जरूर राखून ठेवावा.